पश्चात्तापाचा फेर

सोमवार, बार्सिलोना

“मावशी, तू एवढ्या लांब आलीस आणि समुद्र नको, गाऊदीच्या इमारती नकोत, फक्त पापाची गाणी?” विमानतळावरून घरी नेताना भाचा म्हणाला. चार वर्षं तो इथे नोकरीला आहे. आल्यागेल्या प्रत्येकाला साग्रादा फामिलिया, गाऊदीचं ते प्रसिद्ध चर्च, दाखवून त्याचे पाय दुखायला लागलेत. मी नको म्हटल्यावर सुटकाही झाली असावी, पण माझ्या यादीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. मोन्सेरात, मान्रेसा, वेर्जेस. आठवडा पवित्र सप्ताहाचा, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचा. सगळीकडे गर्दी, गाडी लावायला जागा नाही.

याचं मूळ एका गाण्यात आहे. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते म्हणून कुणी ना कुणी मला फोनवर गाणी पाठवत असतं. असंच एकदा एक लॅटिन समूहगान आलं. डफ, बासरी आणि दणदणीत ठेका. लग्नाच्या वरातीतलं असेल असं समजून मी ते आठवडाभर भाजी चिरताना ऐकलं. मग शब्दांचा अर्थ शोधला तर ‘आद मोर्तेम फेस्तिनामुस, पेक्कारे देसिस्तामुस’. मरणाकडे आपण धावत सुटलोय, पाप करणं सोडू या. हातातली सुरी तशीच राहिली. पश्चात्तापाची आपल्याकडची गाणी मला चांगली ठाऊक आहेत. आवाज खाली येतो, लय बसते, डोळे मिटतात. हे लोक नाचत होते.

गाणं ‘यिब्रे व्हेर्मेय’ नावाच्या पोथीतलं, म्हणजे ‘लाल पुस्तक’. मोन्सेरातच्या बेनेडिक्टाइन साधूंच्या मठात ती १३९९ च्या सुमारास लिहून झाली. तिच्यात चमत्कारकथा आहेत, पापक्षमेच्या सवलतींचे कागद आहेत आणि मधल्या थोड्या पानांवर स्वरलिपीसकट दहा गाणी. लाल रंग मात्र अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिला लाल मखमलीची बांधणी केली, तेव्हापासून हे नाव पडलं. ती शिल्लक राहिली हाही योगच. कुणा सरदाराने ती वाचायला म्हणून नेली होती. १८११ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मठ जाळला, ग्रंथालय गेलं, उसनी नेलेली पोथी तेवढी वाचली आणि १८८५ मध्ये परत आली. पुस्तकं उसनी नेऊन परत न करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण या एका माणसाला माफ केलं.

भाचा वरणभात कालवता कालवता ऐकत होता. म्हणाला, “म्हणजे हे इथल्या वारकऱ्यांचं गाणं.” मी म्हटलं, “तसंच काहीसं. उद्या लवकर ऊठ.”

मंगळवार, मोन्सेरात

लवकर उठलो, पण शहाणपणा तिथेच संपला. प्लासा एस्पान्याहून आर-पाच गाडी सुटते, तासाभराने डोंगराच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर जायला दोन सोयी आहेत. १९३० पासूनचा पिवळा पाळणा, नाहीतर दातेरी रुळांवरची गाडी. दोन्हींची स्टेशनं वेगळी, तिकिटं वेगळी. आम्ही तिकीट काढलं दातेरी गाडीचं आणि उतरलो पाळण्याच्या स्टेशनात. दोष पूर्ण आमचा. खिडकीतून पिवळा डबा वर सरकताना दिसला आणि मीच “हेच, हेच” करत भाच्याला खाली ओढलं. पुढची गाडी येईपर्यंत बसून राहिलो. त्यात दुपारच्या प्रार्थनेतलं मुलांचं गाणं हुकलं. एस्कोलानिया हे मठातल्या मुलांचं गायनपथक. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे गाणारी मुलं असल्याच्या नोंदी आहेत. सातशे वर्षं चाललेलं गाणं मी दहा मिनिटांनी चुकवलं. आम्ही दारात पोचलो तेव्हा माणसं बाहेर येत होती.

डोंगर मात्र चुकण्यासारखा नाही. मोन्सेरात म्हणजे करवतीसारखा दात्यांचा डोंगर. जवळून बघितलं की कळतं, हा दगड एकसंध नाहीच. नदीतले गोल गोटे कुणीतरी चुन्यात कालवून थापलेत असा. शेंगदाण्याची जाड चिक्की उभी चिरून ठेवावी तसे कडे. त्या कड्यांना पाठ लावून साधारण सातशे मीटरवर मठ उभा आहे. ओलिबा नावाच्या मठाधिपतीने तो अकराव्या शतकात, १०२५ च्या सुमारास स्थापला.

रांगेत उभं राहून वर मूर्तीपर्यंत गेलो. बाराव्या शतकाच्या अखेरीची लाकडी मारिया, म्हणजे येशूची आई, मांडीवर मूल, उजव्या हातात गोळा, चेहरा काळा. सगळी मूर्ती काचेआड, फक्त तो गोळा धरलेला हात बाहेर, हात लावायला. लोक तिला ‘मोरेनेता’ म्हणतात. भाच्याने शब्द फोडून सांगितला. ‘मोरेना’ म्हणजे सावळी, आणि ‘एता’ लाडाचं. सावळुली. मला वेगळं भाषांतर लागलं नाही.

माझ्या पुढे एक म्हातारी होती. गोळ्याला बोटं लावली, मग उजव्या हाताची मूठ वळून छातीवर तीनदा, अगदी हलके टेकवली. मागच्यांना दिसणारही नाही इतकी. आपण देवळात गालात मारून घेतो ना, अगदी त्याच चालीने. ती पुढे सरकली आणि मी तिथेच थबकले, कारण हीच खूण मी पोथीतल्या दोन गाण्यांत वाचली होती. लॅटिनमध्ये ‘तुंदेन्तेस पेक्तोरा’, छाती बडवत.

पहिलं गाणं ‘स्तेला स्प्लेंदेन्स’, डोंगरावरची झळकती चांदणी. त्याच्या कडव्यांतून समाजाची अख्खी रांगच सरकते. राजकुळातले सरदार आणि सत्ताधीश येतात, पापांची क्षमा मिळवतात, छाती बडवतात, गुडघे टेकून ‘आवे मारिया’ म्हणतात. पुढे एका कडव्यात शेतकरी, नांगर धरणारे, दस्तऐवज लिहिणारे, वकील, मूर्ती घडवणारे, सुतार, शिंपी, चांभार, लोकर विणणारे. एकेका जातीचा माणूस नावानिशी उभा केलाय. आपल्याकडे शिंपी म्हटलं की नामदेव आणि सुतार-कुंभार-माळी म्हटलं की पुढची नावं आपोआप जिभेवर येतात. इथे नावं नाहीत, फक्त धंदे. पण पोथी लिहिली जात होती तेव्हा आपला शिंपी जाऊन पन्नासच वर्षं झाली होती, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही. आणि या गाण्यावर लिहिणाऱ्याने स्पष्ट नोंद केलीय की हे गोल नाचासाठी आहे. वकिलाने चांभाराचा हात धरून फेर धरायचा आणि माफी मागायची.

संध्याकाळच्या प्रार्थनेला जागा मिळाली. काळ्या झग्यातले साधू दोन बाजूंना बसून स्तोत्राची एकेक ओळ आलटूनपालटून म्हणतात. ओळीच्या मधोमध एक थांबा असतो, श्वासाएवढा. बाहेरच्या माणसाला वाटतं चुकले, विसरले. तसं नसतं. त्या थांब्यात दगडी छतावरचा आवाज खाली येऊ देतात. आमच्या मंडळात कुणी थांबलं की लगेच दुसरी घुसते. हे घरी जाऊन सांगायला हवं, कुणी ऐकणार नाही तरी.

मठाच्या आवारातच खोली घेतली होती. शेवटचा पाळणा खाली गेला आणि बसभर माणसं ओसरली की इथली शांतता एकदम अंगावर येते. रात्री चौकात बाकावर बसलो. फोनवर पोथीच्या पानांचे फोटो होते, त्यातली एक टीप भाच्याला वाचून दाखवली. गाण्यांच्या पानांवरच लेखनिकाने ती लिहिलीय. तिचा मतलब असा: यात्रेकरू मारियेच्या चर्चमध्ये रात्रीचा जागर करतात तेव्हा त्यांना कधीकधी गावंसं आणि नाचावंसं वाटतं, दिवसा चौकातही वाटतं. तिथे सभ्य आणि भक्तीची गाणी सोडून दुसरं काही गायचं नाही. म्हणून ही काही गाणी लिहून ठेवली आहेत. ती बेताने वापरावी, प्रार्थनेत आणि चिंतनात बसलेल्यांना त्रास होईल असं करू नये.

भाचा हसायला लागला. “सोसायटीची नोटीस आहे ही.”

खरंच आहे. पण मला तो अनाम साधू फार आवडला. दिवसभर चालून आलेली माणसं, थंडी, रात्रभर जागायचं, झोप येऊ द्यायची नाही. अशी माणसं गाणारच. गाणार तीही गावाकडची, दारूच्या गुत्त्यातली, बायकांची चेष्टा करणारी. एखाद्या तापट माणसाने चर्चला कुलूप लावलं असतं. याने बंदी घातली नाही. चाल नाचाचीच ठेवली, आत शब्द वेगळे भरले. पाय जे करणारच आहेत ते करू देत, तोंडाने मात्र पापाची कबुली द्यावी.

आता रात्री चर्च बंद असतं. आम्ही दोघंच त्या चौकात, वारा सुटलेला. मी हळूच ‘आद मोर्तेम’ गुणगुणले, बाकावर बोटांनी ठेका धरला. वरच्या एका खिडकीत दिवा लागला. मी थांबले. बेताने वापरावी.

बुधवार, सांता कोवा आणि मान्रेसा

सकाळी सांता कोवाची पायवाट धरली. दंतकथेप्रमाणे ८८० साली मेंढपाळांना उजेड दिसला आणि त्या गुहेत मूर्ती सापडली. वाटेवर येशूच्या आयुष्यातले प्रसंग दगडात उभे केलेत, त्यांतल्या एकात गाऊदीचा हात आहे. “बघ, आलाच शेवटी,” भाचा म्हणाला.

या वाटेवर आम्ही एक उद्योग केला. पोथीतली तीन गाणी ‘कासा’ प्रकारची आहेत. कासा म्हणजे शिकार. एकाने ओळ सुरू करायची, ती ठरावीक जागी पोचली की दुसऱ्याने तीच ओळ पहिल्यापासून घ्यायची, मग तिसऱ्याने. एकामागे एक आवाज धावतात, कुणी कुणाला गाठत नाही, आणि तरी एकमेकांत बसतात. त्यातलं सगळ्यात छोटं ‘स्प्लेंदेन्स चेप्तिजेरा’. राजदंड धरणाऱ्या तेजस्विनी, आमची वकील हो. छाती बडवत, अपराध कबूल करत आम्ही परात्परापुढे उभे राहू. संपलं, एवढंच आहे. मारियेला खटल्यातली वकील केलंय हे मला भारी वाटतं. न्यायाधीश बदलायचा नाही, फक्त आपल्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं.

भाच्याला सूर असा काही नाही, पण चिकाटी आहे. पहिल्यांदा तो माझ्याच ओळीवर घसरला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कानांत बोटं घालून भिंतीकडे तोंड करून गायला. चौथ्या वेळी कुठेतरी मध्ये, सात-आठ स्वरांपुरतं, जमलं. माझा ‘तुंदेन्तेस’ वर चढत होता आणि त्याचा ‘स्प्लेंदेन्स’ त्याच्या खालून नीट सरकत होता. म्हणजे तो अजून वकील लावत होता आणि मी कबुलीला पोचले होते. मग आम्हा दोघांनाही हसू फुटलं आणि गेलं. समोरून येणाऱ्या जोडप्याने वाट सोडली.

परतताना मठाच्या रस्त्यावर गावातल्या बायका मातो विकत होत्या. मातो म्हणजे ताजं, बिनमिठाचं पनीर, वर मध घालून खायचं. खाता खाता भाच्याला इथली फ्रा गारीची गोष्ट सांगितली. हा डोंगरातला तपस्वी. सैतानाच्या नादाने बार्सिलोनाच्या सरदाराच्या मुलीवर अत्याचार केला, मग भीतीने तिला मारून पुरलं. त्याला प्रायश्चित्त मिळालं ते असं: जनावरासारखं चार पायांवर चालायचं, आकाशाकडे बघायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, क्षमा झाल्याचं एखादं तान्हं मूल सांगेपर्यंत. वर्षं गेली, अंगावर केस वाढले. शिकाऱ्यांनी त्याला अजब प्राणी समजून धरला आणि सरदाराच्याच वाड्यात नेला. तिथे पाळण्यातलं पोर बोललं, “ऊठ गारी, देवाने तुला क्षमा केलीय.” पुरलेली जागा उकरली तर मुलगी जिवंत.

भाचा बराच वेळ चमचा चाटत राहिला. मग म्हणाला, “पण मावशी, त्या मुलीला कुणी विचारलं का, तिने क्षमा केली की नाही?”

नाही विचारलं. गोष्टीत तरी नाही. मी सात-आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं बरोबर होतं.

दुपारी त्याच आर-पाच गाडीने पुढे मान्रेसाला गेलो. लोयोलाचा इग्नातियुस, पुढे ज्याने जेझुइट संघ काढला तो, १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेरातला आला तेव्हा तिशीतला लंगडा शिपाई होता. तीन दिवस बसून त्याने आयुष्यभराची पापं लिहून काढली आणि कबूल केली. २४ मार्चच्या रात्री काळ्या मूर्तीपुढे उभ्याने आणि गुडघ्यांवर जागर केला, तलवार आणि कट्यार तिथेच ठेवली. पहाटे खाली उतरला. मान्रेसात थोडे दिवस थांबणार होता, जवळजवळ अकरा महिने राहिला.

का राहिला, ते त्याने म्हातारपणी सांगून लिहवून घेतलं. कबुली देऊनही त्याची सुटका होईना. काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटायचं. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं. आठवडाभर अन्नपाणी सोडलं, शेवटी गुरूने रागावून खायला लावलं. कार्देने नदीच्या वरच्या कड्यात त्याची गुहा आहे, आता संगमरवराने मढवलेली. भिंतीचा मूळ खडक एका बाजूला उघडा ठेवलाय, तेवढाच मी बघत बसले. खाली नदी, समोर सरळ मोन्सेरातची करवत. म्हणजे ज्या डोंगरावर क्षमा मिळाली तो रोज डोळ्यांसमोर, आणि तरी पटत नाही. जागरातले ते चांभार-शिंपी एका रात्रीत नाचून मोकळे होऊन घरी जात असतील, आणि हा लिहिता-वाचता माणूस महिनोन्‌महिने हिशेब तपासत बसला. मला कोण जवळचं वाटलं ते सांगत नाही.

याच माणसाच्या संघातला एक साधू पुढे गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीत क्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं. मराठीची हरळांमाजी रत्नकिळा म्हणून थोरवी गाणारा तो थॉमस स्टीफन्स. त्या ओव्या शाळेत पाठ केल्या होत्या. त्यांचं एक टोक या ओलसर गुहेत आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, वेर्जेस

वेर्जेस हे जिरोनाच्या पुढचं लहान गाव. वर्षातून एका रात्री, पवित्र गुरुवारी, तिथे मरण नाचतं. दिवस प्रवासात आणि गाडीला जागा शोधण्यात गेला. गावाबाहेर शेताच्या कडेला लावली. बेकरीतून बुन्योल घेतले, उपासाच्या दिवसांतले तळलेले गोड गोळे, बडीशेपेच्या वासाचे. उपासाला तळलेलं खाणारे आपणच एकटे नाही हे बघून बरं वाटलं.

रात्री चौकात येशूच्या शेवटच्या दिवसांचं नाटक होतं, गावकरीच करतात. ते संपल्यावर मध्यरात्रीच्या सुमाराला मिरवणूक निघते. आम्ही गोगलगायींच्या गल्लीत जागा धरली. अरुंद दगडी गल्ली, दोन्ही भिंतींवर गोगलगायींचे रिकामे शंख चिकटवलेले, प्रत्येकात तेल आणि वात. विजेचे दिवे घालवतात. शेकडो ज्योती, बोटाच्या पेराएवढ्या, आणि भिंतीवरून खाली ओघळलेलं तेल. माझ्या बाहीला लागलं ते अजून गेलं नाही.

आधी ढोल ऐकू येतो. बाकी एक वाद्य नाही, गाणं नाही. मग मशाली, आणि मध्ये पाच सांगाडे, काळ्या कपड्यांवर हाडं रंगवलेले. पुढच्याच्या हातात लांब दांड्याचा विळा, एकाकडे काळा झेंडा. दोन लहान मुलं राखेच्या बशा धरून आणि एकाच्या हातात काटे नसलेलं घड्याळ. ढोलाच्या ठोक्यावर उडी, वळण, पुन्हा उडी. प्रत्येक वळणाला दुसरी दिशा. त्या उड्यांत आनंदही नाही आणि भीतीही नाही, कवायतीसारखं कोरडं. घड्याळवाल्या पोराचं बोट रिकाम्या तबकडीवर कुठेही टेकत होतं. कितीही वाजलेले असू शकतात.

विळ्यावर अक्षरं होती. ‘नेमिनी पार्को’. भाचा कानात म्हणाला, “म्हणजे?” कुणालाही सोडत नाही. लॅटिनमध्ये या शब्दाला माफ करण्याची छटाही आहे. डोंगरावर माफी देणारी सावळी, इथे माफी न देणारा विळा, आणि दोघांपुढे माणसं नाचतायत.

पोथीत ‘आद मोर्तेम’च्या शेवटी उघड्या शवपेटीत कुजणाऱ्या प्रेताचं चित्र आहे, आणि शब्द असे की तू नासकं प्रेत होणार आहेस, मग पाप करायला भीत का नाहीस? फोनवर ते चित्र मी शंभरदा बघितलं असेल, आणि दर वेळी त्या भरधाव चालीशी त्याचं नातं लागत नव्हतं. गल्लीत सांगाडे हातभर अंतरावरून गेले तेव्हा माझं अंग काही केल्या स्थिर राहीना. पाय ठेका धरत होते. मी मनातल्या मनात त्या नुसत्या ढोलावर शब्द बसवून बघितले. लय वेगळी, दोन ठिकाणी ओढावे लागले, पण बसले.

मिरवणूक चर्चकडे वळल्यावर गर्दी सुटली. गाडीकडे जाताना एका दारात राखेची बशी घेतलेला सांगाडा उभा होता, मुखवटा डोक्यावर सरकवलेला, दहाएक वर्षांचा असेल. आई त्याला बुन्योल भरवत होती, कारण हात राखेने भरलेले. साखर हनुवटीवर सांडली. त्याने ती पुसायला हात उचलला, आणि आई ओरडली.